एपिफिनॉमेनलिझम कुठे तोडावा?

४ जून

मनाच्या तत्त्वज्ञानावरच्या इंग्रजी निबंधसंग्रहाची दुसरी प्रुफं आज आली. पानं वाचवायची म्हणून प्रकाशकांनी मजकूर दोन स्तंभांत बसवला आहे. स्तंभ अरुंद आणि शब्द लांबलचक, त्यामुळे दर परिच्छेदात ओळीच्या टोकाला कुठला ना कुठला शब्द तुटलेला. त्यात सर्वांत जास्त ओढाताण झाली आहे ती एपिफिनॉमेनलिझम या शब्दाची. रोमन लिपीत सोळा अक्षरांचा हा शब्द एका पानावर ‘एपि’नंतर तुटला आहे, दुसऱ्यावर ‘नॉम’नंतर, आणखी कुठे ‘नल’नंतर. एकाच पुस्तकात एकच शब्द तीन तऱ्हांनी तुटलेला मला चालत नाही.

अक्षरजुळणी करणाऱ्या मुलाला फोन केला. “ताई, हे सॉफ्टवेअर करतं, मी हातही लावलेला नाही,” तो म्हणाला. “तुम्ही एकदा काय ते नक्की सांगा. मी त्याच्या डिक्शनरीत टाकून ठेवतो, मग सगळीकडे तसाच तुटेल.”

बरोबर बोलला. पण नक्की सांगायचं तर आधी ठरवायला हवं. लांब शब्दाला सांधे दोन प्रकारचे असतात. बोलताना जीभ जिथे थांबू शकते तो एक, आणि अर्थाचे तुकडे जिथे जोडलेले असतात तो दुसरा. पहिल्यांना आपण सिलॅबल म्हणतो. दुसऱ्यांना भाषाशास्त्रात रूपिका म्हणतात, म्हणजे अर्थ असलेला लहानात लहान तुकडा. हे दोन्ही सांधे एकाच जागी आले तर प्रश्नच नसतो. या शब्दात ते बहुतेक ठिकाणी एकमेकांना चुकवतात.

५ जून

आधी कानाचं काम. शब्द सावकाश म्हणून पाहिला: ए-पि-फि-नॉ-मि-न-लि-झम. आठ सिलॅबल. मुख्य आघात ‘नॉ’वर, त्याहून हलका आघात पहिल्या ‘ए’वर.

लेखनात मात्र स्वर सातच आहेत. आठवा सिलॅबल येतो तो शेवटच्या एस आणि एम यांच्यामधून. तिथे स्वराचं चिन्ह नाही, तरी एम स्वतःच सिलॅबलचा भार उचलतो किंवा त्याच्याआधी एक अस्पष्ट ‘अ’ येतो. इंग्रजीतल्या प्रत्येक ‘इझम’चं असंच आहे. आपली मुलं ‘इझम्’ एका दमात, पाय मोडून म्हणतात. इंग्रज माणूस ते दोन ठोक्यांत म्हणतो. छापताना मात्र तिथे हायफन घालता येत नाही, कारण पुढच्या ओळीवर नुसता एम उरेल. म्हणजे ऐकू येणारा प्रत्येक सांधा छापील सांधा होऊ शकत नाही, हे इथेच सिद्ध झालं.

अडचणीची जागा ‘नॉ’ची. त्यानंतरचा ‘म’ कुणाचा? नॉ-मि म्हणायचं की नॉम्-इ? एक नियम सांगतो की व्यंजन जमेल तितकं पुढच्या सिलॅबलला द्यावं. त्या हिशेबाने ‘म’ पुढे जातो. पण इंग्रजीत ‘नॉ’मधला तो आखूड स्वर शब्दाच्या अगदी शेवटी, उघडा असा कधी येत नाही. त्याला मागून व्यंजनाचा आधार लागतो. म्हणून दुसरा पक्ष म्हणतो की आघात ज्यावर आहे त्याने ‘म’ आपल्याकडे ओढून घेतला. लाँगमनचा उच्चारकोश करणारे जॉन वेल्स या पक्षाचे. डॅनियल कान यांनी १९७६ साली एमआयटीतल्या प्रबंधात तिसरी वाट काढली: असा ‘म’ दोन्ही सिलॅबलांचा, अर्धा इकडे आणि अर्धा तिकडे. मला ही वाट कानाला सर्वांत प्रामाणिक वाटते. ‘लेमन’ हा शब्द एखाद्या इंग्रजी बोलणाऱ्याला सावकाश तोडायला सांगा, तो ‘म’ दोनदा म्हणेल.

पण छपाईत ‘म’ दोनदा लिहिता येत नाही. कुठेतरी हायफन टाकावाच लागतो.

६ जून

मराठीतही हे दुहेरी मोजमाप आहे, फक्त आपलं त्याकडे लक्ष जात नाही. ‘भक्ती’ हा शब्द लिहिताना भ आणि क्ती अशी दोन अक्षरं. बोलताना मात्र भक्-ती. वृत्तात मात्रा मोजताना ‘भ’ गुरू धरतात तो याच कारणाने. पुढचा अर्धा क् उच्चारात मागे सरकून ‘भ’ला जाऊन मिळतो आणि त्याला जड करतो. प्रातिशाख्यकारांनी हे नियमात बांधून ठेवलं आहे: जोडाक्षरातलं पहिलं व्यंजन मागच्या स्वराचं. लिपी एक विभागणी दाखवते, कान दुसरी ऐकतो, आणि छंदशास्त्र कानाच्या बाजूने निकाल देतं. शाळेत लघुगुरू शिकलेल्या माणसाला इंग्रजी सिलॅबल परके वाटायचं कारण नाही. हा दुवा कुणी जोडून दाखवत नाही, एवढंच.

८ जून

कानाने तोडावं की मुळाने, हे भांडण इंग्रजीत जुनं आहे आणि त्याला दोन देश आहेत.

थॉमस डिलवर्थचं इंग्रजी शिकवण्याचं पुस्तक १७४० सालचं. इंग्लंडात आणि अमेरिकेतल्या वसाहतींत मुलं त्याच्यावर शिकली. त्यात शब्द तोडायचे ते ठरावीक नियमाने: क्ल-स्टर, हॅ-बिट, बि-शप. तरुण शाळामास्तर नोआ वेब्स्टरला हे पटेना. बोलताना कुणीच असं तोडत नाही, मग वाचायला शिकणाऱ्या मुलाला असं का दाखवायचं? १७८३ साली त्याने आपलं स्पेलिंगचं पुस्तक काढलं आणि क्लस्-टर, हॅब्-इट, बिश्-अप असे तुकडे केले. मुलाने तुकडा वाचला की उच्चार आपोआप बरोबर यावा, हा त्याचा उद्देश. पुढे हे पुस्तक निळ्या पुठ्ठ्याचं स्पेलर म्हणून घरोघरी गेलं आणि अमेरिकी छापखान्यांची सवय त्यातून घडली.

इंग्लंडात वळण वेगळं राहिलं. ऑक्सफर्डच्या छापखान्याचे होरेस हार्ट यांनी १८९३ साली आपल्या जुळाऱ्यांसाठी नियमांची छोटी पुस्तिका काढली, तीच पुढे ‘हार्ट्स रूल्स’ म्हणून प्रसिद्ध झाली. त्या परंपरेत शब्दाची घडण पाहून तोडण्याकडे कल. ‘नॉलेज’ अमेरिकेत नॉल-एज तुटतो, इंग्लंडात नो-लेज, कारण त्यात ‘नो’, म्हणजे जाणणे, हे क्रियापद बसलेलं आहे. ‘डेमॉक्रसी’ अमेरिकेत डेमॉक-रसी, इंग्लंडात डेमो-क्रसी. डेमॉस म्हणजे लोक आणि क्रॅटॉस म्हणजे सत्ता. ब्रिटिश हायफन वाचकाला तो सांधा दाखवतो, अमेरिकी हायफन त्याला उच्चार दाखवतो.

मी इतकी वर्षं ब्रिटिश बाजूची आहे आणि उघडपणे आहे. ओळीच्या टोकाला पोचलेला वाचक शब्द मोठ्याने म्हणत नसतो, अर्थ गोळा करत असतो. त्याला अर्थाचा पूर्ण तुकडा हातात द्यावा. पण मुळाचा आग्रहही एका मर्यादेपर्यंतच चालतो. हेलिकॉप्टर हा शब्द ग्रीक मुळांवरून हेलिको आणि प्टर असा आहे, पहिलं मळसूत्र आणि दुसरं पंख. इंग्रजी तोंडाला ‘प्ट’ने तुकडा सुरू करणं जमेना. त्याने हेलि आणि कॉप्टर असे भाग पाडले आणि मग त्या चुकीच्या भागांतूनच हेलिपॅड, हेलिपोर्ट हे शब्द निघाले. आज ‘हेलि’ला अर्थ आहे आणि तो सगळ्यांना कळतो. कानाने मुळावर मात केल्याचं इतकं स्पष्ट उदाहरण दुसरं सापडणार नाही.

१० जून, रात्री

आज शब्दाची घडण. हे काम मला मनापासून आवडतं, त्यामुळे जेवणाची वेळ टळली.

एपि, फिनॉमेन, अल, इझम. चार तुकडे. पहिले दोन ग्रीक, ‘अल’ लॅटिन, आणि ‘इझम’ ग्रीकातून लॅटिन आणि फ्रेंच घरं फिरून आलेला. एकोणिसाव्या शतकात इंग्रजीने असे मिश्र घराण्याचे शब्द भराभर घडवले. शुद्धतेचा आग्रह धरणारे तेव्हा कुरकुरत होते.

‘फिनॉमेनन’ शब्दाच्या आतही सांधा आहे आणि तिथे संस्कृत जाणणाऱ्याला आनंद व्हावा अशी गोष्ट दडली आहे. ‘फाइन्’ हा ग्रीक धातू, दिसणे, उजेडात येणे या अर्थाचा. त्याला ‘ओमेनॉन’ लागून दिसत असलेलं, प्रतीत होणारं, असं धातुसाधित होतं. हा ग्रीक ‘मेनॉस’ आणि आपला ‘मान’ एकाच मुळाचे: वर्तमान, यजमान, विद्यमान यांतला मान. संस्कृतात तो आत्मनेपदी धातूंना लागतो. ग्रीकातही तो तशाच, फळ कर्त्याकडे परतणाऱ्या क्रियारूपाला लागतो. धातूचंही नातं आहे. ‘फाइन्’मागचं मूळ तेच, ज्यातून संस्कृतात ‘भा’ आला. भाति, प्रभा, आभा. ‘भास्’ हे त्याचंच वाढवलेलं रूप. म्हणजे फिनॉमेनन आणि भासमान हे दोन शब्द मुळापासून प्रत्ययापर्यंत एका कुळातले. आणि ‘एपि’? तो आपला ‘अपि’. मराठीत तो ‘तथापि’, ‘अद्यापि’त उरला आहे. पण संस्कृतात तो उपसर्गासारखाही येतो, जसं अपिधान म्हणजे वरचं झाकण. ग्रीकात एपि म्हणजे वर, शिवाय, मागाहून.

हाच प्रत्यय ओळखता आला की तत्त्वज्ञानातले आणखी किती शब्द उघडतात! कांटचा नूमेनन, म्हणजे बुद्धीने ज्याचा विचार होतो ते. त्याच्याच १७८३ सालच्या पुस्तकाच्या नावातला प्रोलेगोमेना, म्हणजे आधी सांगितल्या जाणाऱ्या गोष्टी. आपण ज्याला प्रास्ताविक म्हणतो ते. विद्यार्थी हे शब्द वेगवेगळे पाठ करतात आणि परीक्षेत त्यांचं स्पेलिंग चुकतं. एकदा ‘ओमेन’ दाखवला की चुकणार नाही.

या तुकड्यांना आठ सिलॅबलांवर ठेवून पाहिलं. एपिच्या शेवटी दोन्ही सांधे जुळतात. फिनॉमेनचा शेवटचा ‘न’ बोलताना पुढच्या ‘अल’ला जाऊन मिळतो. ‘अल’चा ‘ल’ आणखी पुढे ‘इझम’ला जाऊन मिळतो. प्रत्येक प्रत्यय आपल्या आधीच्याचं शेवटचं व्यंजन ओढून नेतो. संधी शिकलेल्या माणसाला यात नवं काही नाही: तत् एव म्हणताना तदेव होतं आणि ‘त’ पुढच्या स्वराच्या घरी जातो. आघाताचंही तसंच. फिनॉमेनन, फिनॉमेनल, फिनॉमेनलिझम यांत तो ‘नॉ’वर घट्ट बसून राहतो. पण फिनॉमेनॉलॉजी म्हटलं की उठून ‘नॉल’वर जातो. ‘अल’ आणि ‘इझम’ इथे आघाताला धक्का लावत नाहीत, ‘लॉजी’ लावते.

आता निकाल सोपा वाटतो. दोन्ही सांधे फक्त ‘एपि’नंतर जुळतात, तर तिथेच तोडावा. ब्रिटिश वळणही हेच सांगेल. उद्या तसं कळवते.

११ जून

कळवलं नाही. सकाळी हक्सलीवरच्या निबंधाचं प्रूफ वाचत होते आणि थांबले.

एपिफिनॉमेनलिझम हे मत असं आहे. मेंदूत घडामोडी होतात, त्यांतून जाणिवा उमटतात: वेदना, रंग, इच्छा. पण या जाणिवा उलट मेंदूवर काहीच परिणाम करत नाहीत. चटका बसला म्हणून हात मागे येतो, दुखलं म्हणून येत नाही. दुखणं हे सोबत उमटलेलं फळ, त्याच्या हातून काही घडत नाही. थॉमस हेन्री हक्सलीने १८७४ साली बेलफास्टला ब्रिटिश असोसिएशनपुढे दिलेल्या व्याख्यानात हे मांडलं. मेंदूचा काही भाग काढलेला बेडूक तोल सावरतो, अडथळा चुकवतो, हे प्रयोग त्याने पुराव्याला घेतले. प्राण्यांची जाणीव म्हणजे रेल्वे इंजिनाची शिट्टी, असं त्याने म्हटलं: वाफेवरच वाजते, पण इंजिन ओढायला तिचा उपयोग नाही. आणि माणसालाही हेच लागू, असं पुढे सांगितलं. ‘इझम’चं हे लांब नाव त्या व्याख्यानात नाही, ते मताला नंतर चिकटलं. एपिफिनॉमेनन मात्र त्याआधी वैद्यकात रुळलेला होता: रोगाच्या जोडीने उमटणारं, पण रोगाचं कारण नसलेलं लक्षण. ताप उतरवण्याच्या नादात असं लक्षण धरून बसू नये म्हणून वैद्यांना तो शब्द हवा होता.

विल्यम जेम्सने १८९० साली यावर मोठा आक्षेप घेतला: वेदना काहीच करत नसेल, तर नेमक्या घातक गोष्टीच दुखाव्यात आणि हितकारक गोष्टी सुखाव्यात, हे कसं? मला हा आक्षेप आजही अभेद्य वाटतो. तरी मत मेलं नाही. फ्रँक जॅक्सन यांनी १९८२ साली रंग कधीच न पाहिलेल्या मेरी या शास्त्रज्ञ बाईचं उदाहरण रचून ते पुन्हा उभं केलं. पुढे त्यांनी स्वतःच ते सोडून दिलं.

आपल्याकडे कुणाला सांख्यांचा अकर्ता पुरुष आठवेल. साम्य वरवरचं आहे. सांख्यांचा पुरुष प्रकृतीतून उपजत नाही, तो स्वतंत्र आहे. इथली जाणीव मेंदूतूनच उपजते.

मी थांबले ते याच निबंधाच्या डाव्या स्तंभात, खालून तिसऱ्या ओळीवर. शब्द ‘एपि’वर तुटून उरलेला भाग खालच्या ओळीच्या सुरुवातीला आला होता: फिनॉमेनलिझम. आणि फिनॉमेनलिझम हे तत्त्वज्ञानातलं वेगळंच मत आहे! जगातल्या वस्तू म्हणजे आपल्याला येऊ शकणाऱ्या संवेदनांचा संच, त्यापलीकडे काही नाही, असं ते म्हणतं. जॉन स्टुअर्ट मिलने हॅमिल्टनच्या तत्त्वज्ञानावरच्या १८६५च्या ग्रंथात या मताला धार दिली. एक मत मनाला पंगू ठरवतं, दुसरं सगळं जग मनाच्या अनुभवांत विरघळवतं. दोघांत एकही धागा सामाईक नाही, नावातल्या अक्षरांखेरीज. आणि या संग्रहात मिलवरचा निबंध चौदा पानं पुढे आहे. ओळ चाळत जाणाऱ्या विद्यार्थ्याच्या नजरेला ओळीच्या तोंडाशी फिनॉमेनलिझम दिसला, तर तो काय समजेल?

१२ जून

तुकडे बरोबर होते, मग घोटाळा कुठून आला? तुकडे कोणत्या क्रमाने जोडले गेले, यातून.

फिनॉमेनलिझमला ‘एपि’ जोडून हा शब्द झालेला नाही. आधी फिनॉमेननला ‘एपि’ लागून एपिफिनॉमेनन झाला. मग त्याला ‘अल’ लागून विशेषण झालं आणि शेवटी ‘इझम’ लागून मत झालं. म्हणजे ‘एपि’चा सांधा सर्वांत आतला, सर्वांत आधी शिवलेला. ‘इझम’चा सर्वांत बाहेरचा. कपडा उसवताना शेवटची शिवण आधी उसवतात, तसंच शब्दाचं. आतली शिवण आधी उसवली तर हातात भलतंच कापड येतं, आणि आपल्या पानावर तेच झालं.

इंग्रजीच्या वर्गात यासाठी ‘अनलॉकेबल’चं उदाहरण देतात. ‘अन’ आधी लागला तर कुलूप उघडता येण्याजोगं. ‘एबल’ आधी लागला तर कुलूप लावता न येण्याजोगं. तुकडे तेच, क्रम बदलला की अर्थ उलटा.

आपल्याकडे या बाबतीतली जाण फार जुनी आणि फार बारीक आहे. पतंजलीने महाभाष्याच्या सुरुवातीलाच इंद्रशत्रूची कथा सांगितली आहे. त्वष्ट्याला हवा होता इंद्राला मारणारा. तत्पुरुष समासाला शब्दाच्या शेवटी उदात्त हवा. यज्ञात आघात पहिल्या भागावर पडला, समास बहुव्रीही झाला आणि अर्थ झाला ‘इंद्र ज्याला मारणारा आहे तो’. त्या यज्ञातून उपजलेला वृत्र स्वतःच मारला गेला. अक्षर एकही इकडचं तिकडे झालं नव्हतं.

आणि शाकल्याचा ऋग्वेदाचा पदपाठ! समास आला की तो अवग्रहाने तोडून दाखवतो. पण समासात पदं दोनाहून अधिक असली तरी तो एकाच ठिकाणी तोडतो, शक्यतो सर्वांत शेवटी जोडल्या गेलेल्या सांध्यावर. सगळे सांधे त्याला दिसत होते. तरी त्याने बाहेरचा एकच दाखवला, कारण बाहेरचा सांधा कळला की शब्दाचा अर्थ कळायला सुरुवात होते. आज सकाळी पदपाठाची पानं पुन्हा उघडली आणि या पद्धतीबद्दल मनात जो आदर होता तो दुप्पट झाला. इतक्या जुन्या काळी, लेखनाचा फारसा आधार नसताना, कुणीतरी बसून हा निर्णय शब्दागणिक घेतला.

१५ जून

अक्षरजुळणीच्या मुलाशी पुन्हा बोलणं झालं. सॉफ्टवेअर कसं ठरवतं, हे त्याला जाणून घ्यायचं होतं. मला माहीत होतं तेवढं सांगितलं.

डोनाल्ड कनूथ यांनी टेक ही अक्षरजुळणीची प्रणाली केली. त्यांचे विद्यार्थी फ्रँक लियांग यांनी १९८३ साली स्टॅनफर्डला शब्द तोडण्यावरच प्रबंध लिहिला. त्याच्या मुखपृष्ठावर शीर्षकातले शब्दही हायफनांनी तोडलेले आहेत. वेब्स्टरच्या छोट्या कोशातले तोडलेले शब्द संगणकाला देऊन त्यांनी त्यातून ४,४४७ नमुने काढले. प्रत्येक नमुना म्हणजे काही अक्षरांचा गट आणि त्यांच्यामध्ये आकडे. आकडा विषम असेल तर तिथे तोडायला परवानगी, सम असेल तर मनाई. दोन नमुन्यांत भांडण झालं तर मोठा आकडा जिंकतो. कोशातले सुमारे ८९ टक्के सांधे याने सापडतात आणि चुकीचा सांधा जवळजवळ पडत नाही. आज अनेक प्रणाली याच पद्धतीवर चालतात.

“म्हणजे त्याला अर्थ कळतच नाही, ताई?”

“अजिबात नाही. शेजारी कोणतं अक्षर बसलंय, एवढंच बघतं.”

त्याला अपवादांची यादी सर्वांत आवडली. लियांगच्या नमुन्यांना जोड म्हणून कनूथ यांनी चौदा शब्द वेगळे दिले. त्यांत ‘प्रेझेंट’ आणि ‘प्रोजेक्ट’ आहेत आणि त्यांना हायफनच दिलेला नाही. कारण ‘प्रेझेंट’ नाम असेल तर एका जागी तुटतो, क्रियापद असेल तर दुसऱ्या. नाम आहे की क्रियापद, हे वाक्याचा अर्थ कळल्याशिवाय सांगता येत नाही. संगणकाला ते कळत नव्हतं, म्हणून त्याने तोडूच नये, असं कनूथनी ठरवलं. मला हा निर्णय फार योग्य वाटतो.

“मग तुमच्या शब्दालाही तसंच करू? तोडूच नको?”

पर्याय चांगला होता. पण सोळा अक्षरं न तोडता अरुंद स्तंभात बसवली, तर आधीच्या ओळीत शब्दांमध्ये भगदाडं पडतात. एका पानावर करून पाहिलं, फार वाईट दिसलं.

१७ जून

संग्रहाचे संपादक असलेल्या प्राध्यापकांकडे गेले होते. प्रुफांच्या कडेला मी पेन्सिलीने घातलेल्या खुणा त्यांनी लक्ष देऊन पाहिल्या.

त्यांचं म्हणणं ‘इझम’च्या आधी तोडावं. घडणीप्रमाणे बाहेरचा सांधा तोच. पण मग पुढच्या ओळीवर नुसता ‘इझम’ येतो. तीन अक्षरांची शेपटी, आणि वाचकाला ती काहीच सांगत नाही. शिवाय या पुस्तकात इतके ‘इझम’ आहेत की ओळींच्या तोंडाशी त्यांची रांग लागेल. मी ‘नॉम’नंतर तोडायला सुचवलं. आघात असलेला सिलॅबल पूर्ण होतो, उच्चार बिघडत नाही, आणि उरलेला ‘एनलिझम’ दुसऱ्या कुठल्याही मताचं नाव नाही. ओळीच्या टोकाला राहिलेला ‘एपिफिनॉम’ वाचकाला शब्द ओळखायला पुरेसा आहे.

“पण ही अमेरिकी तोड झाली,” ते म्हणाले. “बाई, तुम्ही तर ब्रिटिश पद्धतीच्या.”

“सर, पुस्तकभर ब्रिटिशच आहे. या शब्दाला मात्र कानाने तोडू. मुळाने तोडलं तर मिल येऊन बसतो.”

ते थोडा वेळ पानाकडे पाहत राहिले आणि मग त्यांनी सही केली. एपिफिनॉमेनन, एपिफिनॉमेनल यांनाही तोच नियम. ‘एपि’नंतर हायफन या पुस्तकात कुठेही नको.

१८ जून

सुधारित पानं आली. मिलवरचा निबंध सोडून कुठेही ओळीच्या सुरुवातीला फिनॉमेनलिझम नाही. आणि त्या निबंधात तो असायलाच हवा.

संध्याकाळी भाची आली होती. एम.ए.ला तत्त्वज्ञान घेतलं आहे आणि लांब शब्दांची एक वही करते आहे. वहीत प्रत्येक शब्दापुढे मराठी अर्थ होता, पण शब्दाची घडण कुठेच नव्हती. तिला दोन रंगांची पेनं दिली. निळ्याने सिलॅबल पाड, लालने अर्थाचे तुकडे, आणि लाल रेघांना क्रमांक दे: आधी काय जोडलं, नंतर काय. ‘इन्कमेन्शुरॅबिलिटी’वर तिची निळी रेघ सरळ गेली. लाल रेघ ‘एबल’पाशी अडली, कारण ‘इटी’ लागताच त्याचं ‘अबिल’ होतं. तिथे आम्ही बराच वेळ बसलो. मग तिनेच शोधलं की ‘पॉसिबल’ आणि ‘पॉसिबिलिटी’तही तसंच होतं.

महाराष्ट्रातल्या महाविद्यालयांत तत्त्वज्ञान, मानसशास्त्र, कायदा, वैद्यक शिकवणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे. मराठी माध्यमातून आलेली मुलं लांब इंग्रजी शब्दापुढे बिचकतात, आणि आपण त्यांना तो पाठ करायला लावतो. त्याऐवजी वर्गात फळ्यावर तो शब्द दोन रंगांत तोडून दाखवा, आणि तुकडे कोणत्या क्रमाने जोडले गेले तेही सांगा. या मुलांनी शाळेत समासाचा विग्रह केला आहे, लघुगुरू मोजले आहेत. हत्यारं त्यांच्याकडे आहेत. एका तासिकेत दहा मिनिटं पुरतात.